कॅमेरॉन यांच्यावरचे दोन लेख

२३ जून २०१६ च्या रात्री माझ्या मशीनवर एकाच माणसाचं मूल्यमापन करणारे दोन लेख तयार होते. ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये राहिलं तर पहिला, बाहेर पडलं तर दुसरा. वर्तमानपत्रात यात नवल काही नाही. निवडणूक असली की विजय आणि पराभव दोन्ही लिहून ठेवायचे. आजारी नेत्याची श्रद्धांजलीसुद्धा फोल्डरमध्ये तयार पडलेली असते. मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या देश-विदेश पानावर होते आणि ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन माझ्या वाट्याला आले होते.

शहर आवृत्तीचं पान सोडून निघाले तेव्हा तिकडे सार्वमताचं मतदान चालूच होतं. ते संपता संपता बाहेर पडा म्हणणाऱ्यांचे नेते नायजेल फराज यांनीच 'राहा'वाले निसटतं जिंकतील असं म्हणून टाकलं. म्हणजे आपला पहिला लेख लागणार, असं धरून मी झोपले.

सकाळी नऊनंतर बीबीसीनं निकाल सांगून टाकला. ५१.९ विरुद्ध ४८.१, बाहेर. ऑफिसात पोचले तर सगळी गर्दी वाणिज्य पानाच्या टेबलाभोवती. सेन्सेक्स हजारावर अंकांनी आपटलेला, पौंड १९८५ नंतरच्या नीचांकाला, आणि जग्वार लँड रोव्हरमुळे टाटा मोटर्सची घसरगुंडी. पावणेएकच्या सुमारास १०, डाउनिंग स्ट्रीटच्या दारात कॅमेरॉन आले. शेजारी पत्नी. जहाज पुढे नेणारा कप्तान मी असणं योग्य नाही, अशा अर्थाचं बोलले आणि राजीनामा जाहीर केला. शेवटी आवाज कापरा झाला. पण मला वेगळंच खटकलं. निकाल बाहेरचा लागला तर बाहेर पडण्याची नोटीस, म्हणजे ते कलम ५०, लगेच बजावली जाईल, असं हेच सांगत आले होते. आता म्हणाले, ते नवा पंतप्रधान ठरवेल.

संपादकांनी बोलावलं. "दोन्ही लेखांच्या प्रिंट काढून आण."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि लाल पेनानं ओळीशी ओळ लावत गेले. माहिती तीच होती, क्रमही जवळपास तोच. जानेवारी २०१३ चं भाषण, ज्यात त्यांनी 'पुन्हा निवडून आलो तर आत की बाहेर यावर सार्वमत घेऊ' असं वचन दिलं, ते पहिल्या लेखात 'पक्षाचा जुना ठणका एकदाचा मिटवणारी खेळी' होतं. दुसऱ्यात तेच 'पक्षातल्या भांडणापायी देश पणाला लावणं' झालं होतं. दोन्ही मीच लिहिलेलं, एकाच संध्याकाळी.

"अगं, साडेतीन कोटींच्या आसपास मतं पडली. त्यातल्या साडेसहा लाख लोकांनी दुसऱ्या चौकोनात फुली मारली असती तर हा माणूस आज मुत्सद्दी ठरला असता," ते म्हणाले. "निकालाच्या जिवावर उभं असलेलं सगळं खोड. मग काय उरतंय ते लिही. पाचपर्यंत."

खोडल्यावर फार उरलं नाही. पण जे उरलं ते दोन्हींपेक्षा कडक होतं.

सार्वमत घेणं हाच गुन्हा, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत फराज यांचा युकिप पक्ष ब्रिटनमध्ये पहिला आला होता. मागणी हवेतून पडलेली नव्हती. सार्वमताच्या विधेयकाला कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, दुसऱ्या वाचनात ५४४ विरुद्ध ५३ असा पाठिंबा होता, विरोधी मजूर पक्षाचासुद्धा. सगळं खापर एकट्यावर फोडणं सोयीचं, इतकंच. पण प्रश्न कसा विचारला? १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या स्वतंत्र विधानसभेवरच्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांच्या होकाराची अट होती. होकाराला जास्त मतं पडूनही ती अट पुरी झाली नाही आणि विषय तिथेच थांबला. इथे अशी अटच नव्हती. कायद्याच्या दृष्टीनं कौल फक्त सल्ल्यापुरता होता आणि घरोघरी पाठवलेल्या सरकारी पत्रकात मात्र लिहिलं होतं, तुम्ही ठरवाल ते सरकार करेल. बाहेर पडायची वेळ आली तर काय, याची तयारी खात्यांना करू दिली नव्हती. पुढे जुलैत संसदेच्या परराष्ट्र समितीनं याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. निकाल उलटा लागला असता तरी हा दोष तेवढाच राहिला असता. फक्त कुणी विचारलं नसतं.

दुपारी मध्येच मावसभावाला फोन लावला. तो रेडिंगला सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. लेखात एखादं मराठी माणसाचं वाक्य टाकावं म्हणून. तर म्हणाला, "मी पण मत दिलं ना." मला आधी थट्टाच वाटली. पण खरं होतं. तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मताचा अधिकार होता, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर त्याला मत. त्याच्याच टीममधला पोलंडचा माणूस दहा-बारा वर्षं तिथे कर भरतोय, पोरं तिथल्या शाळेत, त्याला नाही. भावाला आणखीच नवल वाटत होतं ते वेगळ्या गोष्टींचं. ओळखपत्र कुणी मागितलं नाही, नाव-पत्ता सांगितला की झालं. बोटाला शाई नाही. मतदान कक्षात दोरीला बांधलेली शिसपेन्सिल, तिनं फुली मारायची. "ग्रामपंचायतीला आपल्याकडे याहून जास्त बंदोबस्त असतो गं." कुणाला मत दिलं ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. ज्यांचं राहणं-जाणं ठरणार त्यांनाच मत नाही, हा मुद्दा त्या फोननंतर लेखात वर गेला.

मथळ्यावरून नेहमीप्रमाणे वाद झाला. डेस्कवर कुणीतरी 'कॅमेरॉन यांचे पानिपत' सुचवलंच. संपादक म्हणाले, भाऊ रणात पडले, हे राजीनामा देऊन आत गेले, राहू दे. शेवटी साधा मथळा लागला, आता आठवतही नाही.

दोन्ही लेखांत एक परिच्छेद अक्षर न बदलता तसाच होता. १९७२ च्या 'ब्लडी संडे'च्या, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराबद्दल जून २०१० मध्ये सरकारच्या वतीनं मागितलेली स्पष्ट माफी, आणि निम्म्याहून जास्त स्वपक्षीय खासदारांची साथ नसताना २०१३ मध्ये केलेला समलिंगी विवाहाचा कायदा. निकाल काहीही लागो, हे त्यांच्या खात्यावर राहणारच होतं. तो मी शेवटी ठेवला होता. रात्री आठला पानावर जाहिरात आली. ऑपरेटर लेख खालूनच कापतो. तो परिच्छेद गेला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅमेरॉन लॉर्ड होऊन परराष्ट्रमंत्री म्हणून परतले. नेमणारे पंतप्रधान ऋषी सुनक. २०१५ मध्ये वेम्बलीच्या स्टेडियमवर, मोदींच्या सभेत, भारतीय वंशाचा पंतप्रधान व्हायला फार काळ लागणार नाही असं कॅमेरॉनच म्हणाले होते. डेस्कवरून परिचयाची चौकट मागितली, दीडशे शब्द. मी माफी आणि विवाहाचा कायदा पहिल्या दोन वाक्यांत घेतला, मग सार्वमत, आणि तयारी न करू देण्याचं एक वाक्य. मुख्य उपसंपादकाचा फोन आला, "ब्रेक्झिट इतकं खाली का? वाचक तेच शोधणार." मी म्हटलं, "कापायचं तर मधून काप." त्यानं सार्वमत वर घेतलं, पण या वेळी कापलं काहीच नाही.