एक्झिट कोड १३४

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा रात्रीचा बॅच जॉब लाल झाला. काम सगळं झालेलं, लॉगची शेवटची ओळ 'डन', आणि त्याखाली 'फेटल: एक्सेप्शन नॉट रीथ्रोन'. एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा (शून्य म्हणजे सगळं ठीक), १३४, म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक ६, अबॉर्ट. शेड्युलर, म्हणजे जॉब वेळेवर चालवणारा प्रोग्रॅम, फक्त कोड बघतो, त्याने जॉब परत चालवला आणि क्लायंटला मेल दोनदा गेले.

आमच्याकडे वर पायथन ३.१०, खाली पायबाइंड या लायब्ररीने जोडलेलं सी प्लस प्लस, त्यातला एक थ्रेड (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारं काम) दर ५ सेकंदांनी पायथनच्या लॉगरला हाक मारतो. लीडचं औषध ठरलेलं, शेवटी ओएस डॉट अंडरस्कोर एक्झिट, म्हणजे प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद करणारी हाक, ठोक. ठोकलं. क्रॅश गेला, पण ते बफर फ्लश न करताच, म्हणजे मेमरीत साठलेलं फाइलमध्ये न लिहिताच, प्रोसेस संपवतं, त्यामुळे फाइलमध्ये वळवलेल्या प्रिंटमधली शेवटची टोटलच गायब! म्हणे चालतंय ना.

मग कोअर डंप, म्हणजे क्रॅशच्या क्षणीची मेमरीची प्रत, जीडीबी या डीबगरमध्ये उघडला. स्टॅकवर (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली त्या यादीत) अबॉर्ट, त्याखाली आमचं वर्कर फंक्शन, पायथनचं नावसुद्धा नाही. अर्धा दिवस त्यातच गेला. झालं असं की इंटरप्रिटर बंद होत असताना थ्रेडने जीआयएल (पायथनचा कोड एका वेळी एकाच थ्रेडला चालवू देणारं कुलूप) मागितला की हे व्हर्जन त्याला पीथ्रेड एक्झिटने संपवतं, आणि लिनक्सची सी लायब्ररी जीलिबसी ते करते स्टॅक उलगडत, म्हणजे एकेक फंक्शन सोडत, एक्सेप्शनसारखंच. वाटेत सगळं पकडणारा कॅच, म्हणजे फेकलेलं कुठलंही एक्सेप्शन अडवणारा कोड, असेल आणि त्याने ते पुढे फेकलं नाही, तर थेट अबॉर्ट. तोवर स्टॅक उलगडलेला, म्हणजे ज्या कॉलमुळे झालं तो तिथून कधीच निघून गेलेला. गिट ब्लेम केलं, म्हणजे कुठली ओळ कोणी लिहिली ते पाहिलं, तर त्या कॅचवर माझंच नाव, दोन वर्षांपूर्वीचं, वर कॉमेंट: 'थ्रेड मरता कामा नये'.

अ‍ॅटएक्झिटमध्ये (पायथन बंद होण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) 'थांब' असा फ्लॅग लावून, थ्रेडला उठवून जॉइन, म्हणजे तो संपेपर्यंत वाट बघणारी हाक, टाकला तर जॉब लटकला, कारण मी जीआयएल हातात धरून थ्रेडची वाट बघतोय आणि तो जीआयएलची. जॉइनच्या आधी जीआयएल सोडला, मग हजार वेळा चालवलं, हजारही वेळा शून्य.

काल एकजण म्हणाला, पायथन ३.१४ वर गेलो की प्रश्नच मिटेल, तिथे असा थ्रेड मारत नाहीत, जागेवर गोठवतात. खरंय. म्हणजे ३.१४ वर असतो तर तो कॅच मला कधी दिसलाच नसता, हेच डोक्यातून जात नाहीये. जॉइन मात्र मी काढणार नाही.