तुम्ही विचारलंत म्हणून : स्वतःच्या घरात एवढे नियम कसे चालवून घेता?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या साखळीच्या मूळ घरी गेलं की हा प्रश्न ठरलेला. माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधून झालेली असते, ओसरीवर घुमटं (मातीची चर्मवाद्यं) तापवणं चाललेलं असतं आणि नेवऱ्या वळता वळता एखादी जाऊ विचारतेच, "गाडी कुठे लावायची, कपडे कुठे वाळत घालायचे, तेही म्हणे तुम्हांला समितीला विचारावं लागतं. पैसे मोजून घेतलेलं घर ना ते? कशा राहता गं?" हल्ली हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडूनही येतो. आमच्या इमारतीत नवीन राहायला आलेली तरुण मंडळी जिन्यात थांबवून विचारतात, "काकू, सोसायटी सांगेल ते सगळं ऐकावंच लागतं का?" दोघांनाही आजवर घाईघाईत काहीतरी सांगून वाटेला लावलं. आज सावकाश लिहिते.

पर्वरीच्या पठारावर आमची चोवीस सदनिकांची इमारत. २००३ साली आम्ही इथे आलो. मधली सहा वर्षं मी सोसायटीची सचिव होते, म्हणजे नियम पाळलेत, मोडलेत आणि लिहिलेतही. तिन्ही बाजूंचं सांगते.

मोडल्याचं आधी. आमच्या उपविधींना, म्हणजे सोसायटीच्या मंजूर लेखी नियमांना, जोडून एक नियमावली आहे. तिच्यात लिहिलंय की न्हाणीघराची फरशी फोडायची तर समितीची लेखी परवानगी घ्यायची, आणि १ जूनपासून दसऱ्यापर्यंत फोडफोड करायचीच नाही. आम्हांला त्या वर्षी न्हाणीघर नवं करायचं होतं. गवंडी मिळाला मेच्या शेवटच्या आठवड्यात. मनात म्हटलं, माझं न्हाणीघर, माझी फरशी, यात समितीचा काय संबंध? अर्ज दिला नाही. पहिला पाऊस पडला तेव्हा काम अर्धवट होतं. गवंड्याने पाणी अडवणारा थर वाळायला वेळ न देताच वर लाद्या बसवल्या.

जुलैत खालच्या वहिनी वर आल्या. रागावल्या नव्हत्या. "जरा खाली येता?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आतल्या खोलीत सासरे अंथरुणाला खिळलेले होते. खाटेच्या बरोबर वर छतावर पिवळट डाग पसरला होता, मधोमध गिलावा फुगून आला होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. खाट सरकवायला खोलीत जागा नव्हती. म्हणून म्हाताऱ्याच्या पायांशी, चादरीवरच, त्यांनी एक पसरट पातेलं ठेवलं होतं. त्याचे पाय पातेल्याला लागू नयेत म्हणून मध्ये उशी. मी तिथे असताना थेंब पडला की ते डोळे मिटायचे.

गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. भिंत एकदा भिजली की ती दिवाळीपर्यंत सुकत नाही. माझ्या फरशीचा आणि समितीचा काय संबंध, हे मला त्या खोलीत कळलं. दुरुस्तीचा सगळा खर्च आम्ही दिला, ऑक्टोबरात छत रंगवून दिलं. पण ते आजोबा तोवर राहिले नव्हते. पाण्यामुळे गेले असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. पण त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात ते पातेलं माझ्यामुळे होतं. तेव्हापासून पाणी, गटार, वीज, टाकी, गच्ची यांच्या नियमांत मी कुणालाही सूट देऊ दिलेली नाही, आणि देणारही नाही.

माझ्या मामाचं गाव चोडण. रायबंदरहून फेरीबोटीने जायचं. तिथल्या खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे) बांध लहानपणी मामाबरोबर फिरून पाहिलेत. खाडीचं खारं पाणी बाहेर, भाताची शेतं आत, आणि मध्ये माती-दगडांचा बांध. भरतीला मानशीची (बांधातल्या पाण्याच्या मोरीची) दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. एका ठिकाणी खेकड्यांनी बीळ पाडलं आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात घुसतं, आणि त्या जमिनीत पुढे काही वर्षं धड पीक येत नाही. म्हणून बांधाची राखण हे कुणा एकाचं काम कधीच नव्हतं, गावकरीचं, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेचं होतं. गावकऱ्यांनी बसून ठरवायचं, खर्च वाटून घ्यायचा. पोर्तुगीज आले तेव्हा ही रीत जुनी झालेली होती. १५२६ साली अफोन्सु मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्याने गोवा बेटावरच्या आणि भोवतालच्या बेटांवरच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून घेतले. म्हणून साखळीच्या जावेला मी सांगते, की चौघांनी बसून नियम करायचे आणि ते सगळ्यांनी पाळायचे, हे काही फ्लॅटबरोबर मुंबईहून आलेलं खूळ नव्हे.

पण गावकरी बांधाचा विचार करत होती. तुझ्या अंगणात कुठलं फूल लाव, हे ती सांगत नव्हती. आमच्या सोसायट्या नेमक्या इथे घसरतात. आता पोदेराचं, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचं सांगते.

इमारतीतून दोन सायकली चोरीला गेल्या. समितीने सुरक्षारक्षक ठेवला आणि फाटकावर पाटी लावली, 'फेरीवाल्यांना आत प्रवेश नाही.' हेतू चांगला होता, मीही विरोध केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा भोंगा नेहमीच्या वेळी वाजला, पण लांबून. तो फाटकाबाहेर सायकल टेकवून उभा होता. मी खाली गेले तर म्हणाला, "बाय, तो म्हाका भितर सोडिना." मी चार उंडे (गोल पाव) घेतले आणि परत वळले, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे लक्ष गेलं. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, मुलगा आखातात. त्या रोज सकाळी बाल्कनीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडत. पिशवीत सुटे पैसे. पोदेर पैसे घेई, दोन पोळ्या (हाही पावाचाच प्रकार) आणि दोन उंडे पिशवीत टाकी, दोरीला हिसका देई, आजी पिशवी ओढून घेत. मग दोन मिनिटं वरून-खालून बोलणं, कुणाकडे लग्न, कुणाकडे मयत. दिवसभरात आजींचं घराबाहेरच्या माणसाशी तेवढंच काय ते बोलणं होई. त्या दिवशी पिशवी तशीच खाली लोंबत होती, आणि आजी कठड्याला धरून फाटकाकडे बघत उभ्या होत्या.

पाटी लिहिताना आम्हां सात जणांपैकी एकाच्याही मनात ती पिशवी आली नव्हती. सातही जण आजींना रोज बघणारे.

मी समितीच्या बैठकीत विषय काढला. एक सदस्य म्हणाले, नियम म्हणजे नियम, एकाला सोडलं तर दहा येतील. खरंय, येतील. मग दहांची नावं लिहू, असं मी म्हटलं. पोदेर, मासे घेऊन येणारी बाई, दूधवाला, पेपरवाला, सगळ्यांची नावं आणि फोन नंबर फाटकावरच्या वहीत लिहिले, पाटीवर 'अनोळखी' हा एक शब्द वाढवला. एका शब्दासाठी तीन बैठका लागल्या. त्या तीन आठवड्यांत मी आजींचे पाव वर नेऊन देत होते. त्या घेत, "देव बरें करूं" म्हणत, पण पिशवी खाली सोडायच्या त्या सोडायच्याच.

तरुण मंडळींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. सगळं ऐकावं लागतं का? नाही. पाटीवर चिकटवलेला प्रत्येक कागद नियम नसतो. गोवा सहकारी संस्था कायदा २००१चा आहे, त्याखाली संस्थेची नोंदणी होते आणि उपविधी मंजूर होतात. अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा, समितीचा नव्हे. समितीने परस्पर काढलेलं परिपत्रक तुम्हांला जाचत असेल, तर हा ठराव कुठल्या सभेत झाला, इतिवृत्त दाखवा, असं लेखी विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर सहकारी संस्था निबंधकांकडे जाता येतं. पण त्याआधी वरचा मजला चढून जा, दार वाजवा आणि बोला. आमच्याकडचे निम्मे वाद अर्ज लिहिण्याआधी, चहाच्या कपावर मिटलेत.

घर घेण्याआधी उपविधी मागून वाचा, मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचा. रंगीत माहितीपत्रकापेक्षा त्यांतून जास्त कळतं. नव्या इमारतीत घेत असाल तर संस्था स्थापन झाली का, हे विचारा. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याप्रमाणे बहुसंख्य सदनिका बुक झाल्यावर तीन महिन्यांत ती व्हायला हवी. आमच्या बिल्डरने आम्हांला चार वर्षं लोंबकळत ठेवलं होतं, तेव्हा हा कायदा नव्हता. त्या चार वर्षांत सेप्टिक टँक दोनदा भरून वाहिला आणि कुणाला सांगायचं तेच कळेना. नियमांचा जाच होतो म्हणणाऱ्यांनी एकदा तसं बिननियमाचं राहून बघावं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बंद दारांची. आमच्या चोवीसपैकी नऊ सदनिका बाहेरच्यांच्या आहेत. मालक वर्षातून दहा दिवस येतात, बाकी वेळ कुलूप, नाहीतर दोन-तीन रात्रींसाठी पाहुणे. त्यांच्याबद्दल मला राग नाही. पैसे देऊन पाहुणे ठेवायचे तर १९८२च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी, पाहुण्यांची नावं फाटकावर द्यावी, आणि रात्री दहानंतर गाणी बंद ठेवावी, एवढंच मागणं. दहाची वेळ आम्ही काढलेली नाही, देशभरच्या ध्वनिप्रदूषण नियमांतलीच आहे. आमच्या सत्यनारायणाच्या पूजेचं गायनही आम्ही पावणेदहाला आवरतो, गायक रंगात आला असला तरी. पण हे मालक सभेला येत नाहीत. गणसंख्या भरत नाही, अर्धा तास थांबून सभा घ्यावी लागते आणि आठ-नऊ माणसं चोवीस घरांचं ठरवतात. ज्याला पिशवी दिसत नाही आणि पातेलंही दिसत नाही, तो घरबसल्या फोनवरून 'बाल्कन्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत' असा निरोप पाठवतो, कारण सदनिकेचा फोटो चांगला यायला हवा.

हा निरोप खरंच आलाय. आमच्या पश्चिमेकडच्या बाल्कन्यांना पावसाची झड थेट लागते. तिथे राहणारे जूनमध्ये निळी ताडपत्री बांधतात, नाहीतर पाणी दिवाणखान्यात येतं. ती काढा, असं बाहेरच्या चार मालकांचं पत्र आहे. माझं म्हणणं असं, की जूनपासून दसऱ्यापर्यंत आच्छादन बांधायला परवानगी हवी. ताडपत्रीऐवजी सगळ्यांनी मिळून एकाच मापाचे पारदर्शक, गुंडाळता येणारे पडदे घ्यावेत, आणि दसऱ्याला उतरवावेत. मी दोन दुकानांतून दर आणलेत. खालच्या वहिनींनीही मोजमापं घेऊन ठेवलीत.

वार्षिक सभा येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, तळमजल्यावर गाड्या लावतो तिथे. विषयपत्रिकेवर पडदे चौथ्या क्रमांकावर आहेत. त्या चार मालकांना मी स्वतः फोन केले. दोघे येतो म्हणालेत. आजींना जिना उतरवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन इमारतीतले दोघं मुलगे वर जाणार आहेत.