सतत सुटणारी ए-ची खुंटी

व्हायोलिन हातात घेतलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याला आता तीन वर्षं होतील. तरी पहिल्या अकरा आठवड्यांचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं, म्हणून आधी तेच सांगते.

चौदाव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर, हे इतक्या जणांनी ऐकवलं होतं की मीही ते मानून बसले होते. त्यामुळे नीट आवाज येईना तेव्हा वाद्यातच काही बिघाड असेल, अशी शंका मला एकदाही आली नाही. माझाच कान कच्चा, माझीच बोटं आखडलेली, या वयात असंच होत असणार, असं मी धरून चालले. आता वाटतं, पाच वर्षांच्या मुलाचं वाद्य असं वागलं असतं तर मोठ्यांनी दुसऱ्याच दिवशी ते तपासलं असतं.

व्हायोलिन कोरं होतं. खोक्यावर ‘वाजवायला तयार’ असं छापलेलं होतं. शिकवणाऱ्या बाई लगेच मिळाल्या, वाद्य धरायचं कसं हे दोन तासांत जमलं, जी, डी, ए, ई ही तारांची नावं तर पहिल्याच दिवशी पाठ झाली. अडलं ते तारा सुरात लावताना.

व्हायोलिनची खुंटी, म्हणजे तार गुंडाळून ताणायची लाकडी कळ, निमुळती असते. तिला आटे नसतात, लाकडावर लाकूड घासून जी पकड बसते तेवढ्यावरच ती भोकात टिकते. खुंटीचा उतार आणि भोकाचा उतार तंतोतंत जुळायला लागतो. माझ्या ए-च्या खुंटीला भोकाच्या एकाच कडेचा आधार होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच: तार ४४० हर्ट्झवर आणायची, हात बाजूला घ्यायचा, की ‘कर्र’ आवाज करत खुंटी फिरायची आणि तार लोंबायची. तारांच्या खालच्या टोकाला फाइन ट्यूनर, म्हणजे छोटे स्क्रू, होते, पण ते बारीकसा फरक भरून काढतात. खुंटीच सुटल्यावर ते काय करणार? शिवाय एका तारेचा ताण गेला की घोडीवरचा, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यावरचा, भार बदलतो आणि लावून ठेवलेल्या बाकीच्या तारांचे सूरही हलतात. म्हणजे परत जी-पासून सुरुवात. रोज अर्धा तास रियाजाला बसायचे, त्यातली वीस मिनिटं यातच जायची. त्या धडपडीत ई तार दोनदा तुटली.

क्लासमध्ये आम्ही आठ जण होतो. बाई तासाच्या आधी सगळ्यांची वाद्यं भराभर लावून द्यायच्या. त्यांच्या हाताला जोर होता, त्यामुळे त्यांनी दाबून बसवलेली खुंटी दहा-पंधरा मिनिटं तग धरायची. नंतर मी बेसूर व्हायचे आणि मान खाली घालून वाजवत राहायचे.

दुसरा त्रास बोटांचा. तारा इतक्या उंच होत्या की डी-वर तिसरं बोट ठेवलं की बोटाच्या टोकावर खोल वळ उठायचा. बाईंनी फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या बोटं टेकवायच्या पट्टीवर, खुणेच्या टेपा लावून दिल्या होत्या. बोट बरोबर टेपेवर पडायचं, तरी सूर चढा यायचा. कारण साधं आहे: उंच तार खाली दाबताना ती ताणली जाते, आणि ताणलेली तार चढी बोलते. फिंगरबोर्डच्या शेवटाशी ई तार साधारण साडेतीन मिलिमीटर आणि जी तार साडेपाच मिलिमीटर वर असावी. माझी जी तार आठ मिलिमीटरच्याही वर होती. पट्टी लावून मोजायला अर्धं मिनिट पुरतं, तुमची आजच मोजा.

सहाव्या आठवड्यात बाईंनी माझं व्हायोलिन स्वतः वाजवायला घेतलं. दोन ओळी वाजवून थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, याचा सेट-अप झालेलाच नाही. यावर मलाही सुरात वाजवता येत नाहीये.” सेट-अप म्हणजे खुंट्या, घोडी आणि तारांची उंची नीट जुळवून वाद्य वाजवण्याजोगं करणं. घरी जाताना वाटेत मला रडू आलं. सुटल्यासारखं वाटत होतं आणि रागही येत होता.

मग ते दुकान. बाबांबरोबर वाद्य घेऊन गेले तर समोर वॉरंटीचा फॉर्म आला. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की तारा, घोडी आणि खुंट्या ‘वापराने झिजणाऱ्या वस्तू’ असल्यामुळे वॉरंटीत बसत नाहीत. सहा आठवड्यांच्या वाद्याची खुंटी झिजली कशी, असं बाबांनी विचारलं. उत्तर नाही. शेवटी ‘बघतो’ म्हणून वाद्य ठेवून घेतलं, चिठ्ठी दिली, आठवड्याभराची मुदत सांगितली. पहिल्या आठवड्यात काम करणारा माणूस रजेवर. दुसऱ्या आठवड्यात घोडी मागवली आहे. तिसऱ्या आठवड्यात काउंटरवर वेगळाच माणूस; त्याला त्या नंबरची नोंद सापडेना, मी बोट दाखवून मागच्या कपाटावरची माझी केस ओळखून दिली. चौथ्या आठवड्यात कुणी फोनच उचलला नाही. पाचव्या आठवड्यात वाद्य परत मिळालं. खुंट्यांवर खडू चोळला होता. घोडी तीच, उंची तीच. फॉर्मवर मात्र ‘सेट-अप पूर्ण’ असं लिहून खाली माझी सही मागितली. मी सही केली नाही. त्या वेळी हात थरथरत होता, पण ती न केलेली सही मला आजही महत्त्वाची वाटते.

त्या पाच आठवड्यांतली एक गोष्ट मात्र कामाची ठरली. वाद्य नव्हतं, पण बो, म्हणजे वाजवायचा गज, घरीच होता. बाईंनी सांगितलं, आधी पेन्सिल धर. अंगठा वाकलेला, करंगळी गोल आणि वर टेकलेली, बाकीची बोटं सैल. पेन्सिलवर जमल्यावर बो घेऊन तो हवेत सरळ वर-खाली नेणं, मनगट न अडकवता. शिवाय गळ्यानं सूर म्हणणं. वाद्य परत आलं तेव्हा माझा उजवा हात वर्गातल्या इतरांपेक्षा चांगला पडत होता, असं बाई स्वतः म्हणाल्या. त्यामुळे वाद्य दुरुस्तीला गेलं तर बो देऊ नका.

शेवटी बाईंच्या ओळखीनं एका कारागीर काकांकडे गेलो. व्हायोलिन बनवणारे आणि दुरुस्त करणारे. त्यांनी आतमध्ये छोटा आरसा घालून साऊंड पोस्ट दाखवला. घोडीच्या ई-कडच्या पायाच्या किंचित मागे, आतून उभी असलेली लाकडी कांडी. ती चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबानंच उभी राहते. फ्रेंच लोक तिला ‘आत्मा’ म्हणतात. माझ्या व्हायोलिनचा आत्मा तिरका उभा होता! काकांनी तो सरळ केला, भोकं आणि खुंट्या एका उतारावर घासून जुळवल्या, खुंट्यांना पेस्ट लावली, घोडी वरून उतरवून तिची कमान नीट केली, तारा जिथून फिंगरबोर्डवर येतात तिथल्या खाचा खोल केल्या. एका दुपारचं काम. मी समोर बसून पाहिलं. अकरा आठवडे एका दुपारसाठी गेले.

तिथून पुढचं सगळं नेहमीसारखं झालं, त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. मोकळ्या तारांवर लांब बो, आरशासमोर उभं राहून, बो घोडीला समांतर जातोय का ते बघत. दोन महिन्यांनी टेपा काढल्या. टेपा काढल्यावर सूर ओळखायची एक खूण सांगते, मला ती फार आवडते. डी तारेवर तिसऱ्या बोटानं जी वाजवा. बोट नेमकं पडलं असेल तर बाजूची मोकळी जी तार आपोआप थरथरते, डोळ्यांना दिसते. ए-वर तिसरं बोट, तर मोकळी डी थरथरते. ई-वर तिसरं, तर ए. केसभर चुकलं तरी ती गप्प राहते. तारा लागलेल्याच नसतील तर मात्र ही खूण मिळणं अवघड, म्हणून मला ती तोवर कधी दिसलीच नव्हती. पहिल्यांदा तार थरथरली तेव्हा मी बो थांबवला आणि तिच्याकडे बघतच राहिले.

चौदाव्या वर्षी सुरू करणाऱ्यांना एक फायदाही आहे. बहुतेकांना पूर्ण मापाचं व्हायोलिन थेट चालतं, लहान मुलांसारखी मापं बदलावी लागत नाहीत. खांद्यावर ठेवून डावा हात लांब करा. व्हायोलिनच्या टोकाच्या वळशाभोवती बोटं आरामात वळली तर माप बरोबर. मान दुखत असेल तर हनुवटीची पट्टी बदलून बघा, तिचे बरेच आकार मिळतात. १८२० च्या सुमारास लुई श्पोर या जर्मन वादकानं ती आणली, त्याआधीचे लोक तिच्याशिवायच वाजवत होते. मला तिच्याशिवाय जमलं नसतं.

नवीन बोमधून आवाजच आला नाही तर घाबरू नका, केसांना राळ लागलेली नसते. राळेच्या नव्या वडीवर सँडपेपर फिरवून मग ती केसांवर भरपूर चोळायची. वाजवून झालं की बो सैल करायचा.

हवा कोरडी झाली की चांगली खुंटीसुद्धा सुटते, दमट हवेत ती घट्ट बसते. फिरवताना आत हलका दाब द्यायचा. तार गुंडाळताना शेवटचे वेढे खुंटीच्या मुठीकडच्या भिंतीजवळ आणायचे, म्हणजे तारच खुंटीला आत ओढून धरते. लावून झालं की घोडी बाजूनं बघायची: वरची कड फिंगरबोर्डकडे झुकत जाते, मागची बाजू काटकोनात उभी हवी.

आणि तारा बदलायच्या असतील तर एक काढून ती चढवा, मगच दुसरीला हात लावा. चारही एकदम काढल्या तर आतली ती कांडी, साऊंड पोस्ट, पडू शकते, आणि मग परत काकांकडे जावं लागतं.