पाकीट शेठचं, बॅन पोरांवर

तीन खेळाडूंनी पास्ता जास्त खाल्ला म्हणून त्यांच्या कॉलेजनं स्वतःहून वर, कॉलेज खेळांच्या संस्थेला, रिपोर्ट केला, आणि हा जोक नाहीये. अमेरिकेतली ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी, बातमी २०१४ च्या सुरुवातीची. ग्रॅज्युएशनचं जेवण होतं, तिघांनी नियमात बसतो त्यापेक्षा जास्त पास्ता घेतला, मग प्रत्येकाला ३ डॉलर ८३ सेंट दान करायला लावले, आपल्या आवडीच्या कुठल्याही संस्थेला, आणि तशी रीतसर नोंद केली. तेव्हाच्या भावात धरा सव्वादोनशे-अडीचशे रुपये. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत ही पोरं बसली असती तर वाढप्याच्या आग्रहात अख्ख्या टीमचं करिअर संपलं असतं.

मला या सगळ्याचा नादच लागलाय हल्ली. मी ऐरोलीत नाइट शिफ्ट करतो, क्लायंट डॅलसचा, आणि तिकडची माणसं सोमवारच्या कॉलला आधी शनिवारच्या फुटबॉल मॅचवर बोलून घेतात मग कामाच्या तिकिटांवर येतात. सुरुवातीला काही टोटल लागायची नाही. हा फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोवाला नाही, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो, आणि प्रो लीगही नाही, कॉलेजची टीम. कॉलेजची! आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला पोरांचे चार मित्र आणि मैदानावरचं एखादं कुत्रं एवढंच पब्लिक, तिकडे मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१, म्हणजे नेरूळच्या डी. वाय. पाटीलच्या जवळपास दुप्पट. त्यांची दुपारी बाराची मॅच आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला लागते, जेवून बसलं की बरोबर टायमिंग. बायको म्हणते ही कबड्डीच आहे, फक्त कपडे जास्त घातलेत, आणि खरं सांगू तर ती फार चुकीची नाही.

तर मुद्दा असा की इतकी वर्षं या पोरांना पगार द्यायचा नाही असा नियम होता. शिकायची फी माफ, राहणं, जेवण, पुस्तकं, बस. एनसीएए नावाची तिकडची कॉलेज खेळांची संस्था यावर लक्ष ठेवायची आणि इतकं बारीक लक्ष की बेगल दिला तर नाश्ता पण त्यावर क्रीम चीज लावलं तर ते जेवण झालं, ते चालणार नाही. शबाझ नेपियर म्हणून एक बास्केटबॉलवाला, २०१४ मध्ये त्याची टीम नॅशनल चॅम्पियन झाली आणि त्याच सुमाराला तो पत्रकारांना बोलून गेला की काही रात्री मी उपाशी झोपतो, तेव्हा कुठे त्याच महिन्यात पोटभर जेवायला परवानगी मिळाली. आणि दुसऱ्या बाजूला कोचला काही लिमिटच नाही, अलाबामाच्या निक सेबनला शेवटी शेवटी वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर मिळत होते. कोच कोटीत, पोरगा पास्त्यात. मधल्या गॅपमध्ये मग जे व्हायचं तेच झालं. बूस्टर म्हणजे कॉलेजवर जीव ओवाळून टाकणारे श्रीमंत माजी विद्यार्थी आणि फॅन, त्यांनी पाकीट, गाडी, आईवडलांचं भाडं, असं सगळं मागच्या दारानं चालू केलं.

यातली सगळ्यात मोठी केस आमच्या क्लायंटच्याच गावची आहे. सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, एसएमयू. ऐंशीच्या दशकात टीम एकदम टॉपला, आणि तिथे पोरांना पैसे मिळतात हे सगळ्यांना माहीत. १९८५ मध्ये एनसीएएनं पकडलं, प्रोबेशनवर टाकलं, म्हणजे नजरेखाली ठेवलं. आता शहाण्या माणसानं तिथेच थांबवलं असतं ना? इथे मोठ्या लोकांनी बसून ठरवलं की ज्या पोरांना आधीच शब्द दिलाय त्यांना देत राहायचं, ती पास होऊन गेली की आपोआप बंद होईल. (मला वाटतं मधेच थांबवलं तर पोरं बोंबलतील ही पण भीती असणार.) १३ खेळाडूंना मिळून साधारण ६१,००० डॉलर, कोणाला महिन्याला ५० तर कोणाला ७२५, सगळे एका बूस्टरच्या खिशातून. मग नोव्हेंबर १९८६ मध्ये डॅलसच्याच एका टीव्ही चॅनलवर डेव्हिड स्टॅनली नावाचा जुना खेळाडू आला आणि त्यानं सरळ सांगितलं की मला या कॉलेजला यायचे २५,००० डॉलर मिळाले, महिन्याचे वेगळे. झालं, गेलं सगळं बाहेर.

२५ फेब्रुवारी १९८७ ला निकाल आला, १९८७ चा अख्खा सीझन रद्द. याला तिकडे डेथ पेनल्टी म्हणतात आणि मोठ्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला ती आजपर्यंत एकदाच दिलीये, ती ही. १९८८ ला घरच्या मैदानावर बंदी, बाहेर सात मॅच खेळा म्हणाले, पण कॉलेजनंच म्हटलं राहू द्या. दुसऱ्या कॉलेजांचे कोच थेट कॅम्पसवर येऊन चांगली पोरं उचलून घेऊन गेले. १९८९ ला परत उभे राहिले ते बहुतेक फर्स्ट इयरच्या पोरांना घेऊन, आणि ह्यूस्टननं त्यांना ९५–२१ असं तुडवलं. गंमत म्हणजे ह्यूस्टनची टीम स्वतः त्या वर्षी शिक्षेवर होती! सीझननंतर मानाच्या मॅच असतात, बाउल म्हणतात त्यांना, तिथे परत पोचायला एसएमयूला २००९ उजाडलं. तोपर्यंत खेळून गेलेल्या कितीतरी पोरांचा त्या ६१,००० शी काय संबंध सांगा मला.

आणि ज्यांनी ठरवलं होतं ते? मार्च १९८७ मध्ये टेक्ससच्या गव्हर्नरनं, बिल क्लेमेंट्सनं, कबूल केलं की एसएमयूच्या बोर्डाचा अध्यक्ष असताना पैसे चालू ठेवायच्या निर्णयात मी होतो. गव्हर्नर, म्हणजे तिकडचा मुख्यमंत्रीच समजा. राजीनामा वगैरे काही नाही, १९९१ पर्यंत टर्म पूर्ण करून आरामात घरी गेला. कोच बॉबी कॉलिन्स मात्र परत कधी कुठल्या कॉलेजचा हेड कोच झाला नाही, तेवढं सांगायला हवं.

हे वाचताना मला तर सारखं आमचं ठाण्यातलं कॉलेजच दिसत होतं. आमच्या कॉलेजचं नाव नको, अजून सर लोक आहेत तिथे. मी फर्स्ट इयरला होतो तेव्हा आमची कबड्डीची टीम अचानक झोनलला सगळ्यांना लोळवत सुटली, कारण टीममध्ये काही पोरं अशी होती की जी हजेरीपटावर होती पण वर्गात कोणाला कधी दिसली नव्हती. बाहेरच्या मंडळांकडून खेळणारी, तयार पोरं. फी एका बिल्डरशेठनं भरलेली, मॅचमागे पाकीट, शूज नवे, आणि जर्सीच्या पाठीवर शेठच्या प्रोजेक्टचं नाव, खाली वन बीएचके टू बीएचके, त्याच्याखाली शेठचं नाव आणि मग उरलेल्या जागेत बारीक नंबर. पंच नंबर वाचायला जवळ यायचे. सेमीला समोरच्या कॉलेजनं प्रोटेस्ट टाकला, एलिजिबिलिटी फॉर्म काढायला लावले, एकाचं बारावीचं वर्ष आणि जन्मतारीख काही केल्या जुळेना, आणि दुसरा तर कुठेतरी नोकरीला होता आणि ऑफिसच्या टीमकडून खेळताना फोटोसकट सापडला. टीम बाद.

इथपर्यंत ठीकच होतं, चुकलं ते चुकलं. पण पुढच्या वर्षी जिमखान्याच्या बोर्डावर नोटीस लागली की यंदा कबड्डीचा संघ पाठवण्यात येणार नाही. आता पुढच्या वर्षीचा संघ म्हणजे आम्ही! मी लेफ्ट कॉर्नर. जूनपासून पहाटे मातीत लोळत होतो, गुडघे सोलून निघालेले, डबा घ्यायला वेळ नाही म्हणून लेक्चरला वडापाव खाऊन बसायचो. सरांना जाऊन विचारलं, सर आम्ही काय केलं, तर सर म्हणाले, "अरे तुम्ही काही नाही केलं रे बाळांनो, पण कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे." आमच्यातल्या काही जणांचं ते थर्ड इयर होतं, युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शनला जायचा तोच रस्ता होता, आणि पुढे पोलीस भरती असो की बँकेची टीम, सर्टिफिकेट सगळीकडे आधी मागतात. ते गेले तसेच. ती बाहेरून आणलेली पोरं त्याच मोसमात दुसऱ्या टीमकडून खेळत होती, आणि शेठ डिसेंबरच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे म्हणून आले, शाल श्रीफळ घेतलं, आणि 'खेळामुळे चारित्र्य घडतं' यावर अर्धा तास बोलले. मी मागच्या रांगेत होतो, टाळ्या वाजवायला सांगितल्या होत्या.

म्हणून मला यूएससीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाची, केस वाचून राग आला, इतरांना त्यात फक्त रेगी बुश दिसतो. भारी खेळाडू, २००५ ची हाइझमन ट्रॉफी त्याला, म्हणजे त्या खेळातला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान. मग निघालं की स्पोर्ट्स मार्केटिंगच्या धंद्यात पडू बघणाऱ्या दोघांनी त्याच्या घरच्यांना राहायला घर दिलेलं आणि वर पैसे. निकाल आला जून २०१० मध्ये, दोन वर्षं बाउल बंद, ३० स्कॉलरशिप कापल्या. बुश तर २००६ लाच प्रोमध्ये गेलेला. कोच पीट कॅरोल निकालाच्या काही महिने आधी, जानेवारी २०१० मध्ये, सिएटलच्या प्रो टीमकडे गेला आणि पुढे सुपर बाउल, म्हणजे प्रो लीगची फायनल, पण जिंकला. भोगलं कोणी, तर बुश खेळत होता तेव्हा शाळेत असलेल्या पोरांनी.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं तर अजून भारी. पोरांनी स्वतःच्या जर्सी, स्वतःला मिळालेल्या अंगठ्या विकल्या, काहींनी बदल्यात टॅटू काढून घेतले. स्वतःची वस्तू हो! पाच मॅचचा बॅन. कोच जिम ट्रेसलला एप्रिल २०१० मध्येच ईमेल आलेला, त्यानं दाबून ठेवला, मे २०११ ला राजीनामा द्यावा लागला. मग २०१२ ला नवा कोच आला, टीमनं बाराच्या बारा मॅच जिंकल्या आणि बाउल नाही, कारण बॅन त्या वर्षी लागू होता. एकही न हरता सीझन घरी बसून संपला. ट्रेसल नंतर एका युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट झाला आणि फेब्रुवारी २०२५ पासून ओहायोचा लेफ्टनंट गव्हर्नर आहे. या धंद्यातून राजकारणात जायची सोय चांगली दिसते, इकडे काय तिकडे काय.

ऑफिसमध्ये माझा टीम लीड म्हणतो, नियम होता ना, मोडला तर शिक्षा होणारच. अरे पण कोणाला? पोरानं पैसे घेतले तर त्याला बसवा, मी कुठे नाही म्हणतो. पाकीट घेणारा काही हुतात्मा नसतो, आमच्या टीमची ती पोरं पण नव्हती. पण ज्याच्या हातून पाकीट आलं आणि ज्यानं ते येताना बघून खिडकीबाहेर पाहिलं, त्याचं काय? कॉलेजला शिक्षा म्हणजे इमारतीला होत नाही ना, त्या वर्षी तिथे जे खेळतात त्यांना होते.

आता कुठे थोडं बदललंय. जून २०२१ ला सुप्रीम कोर्टानं एनसीएएच्या विरोधात ९–० निकाल दिला, त्यात विषय शिक्षणाशी संबंधित फायद्यांचा होता पण एकंदर सूर असा की हा सगळा प्रकार कायद्यात बसतो का तेच बघायला हवं, आणि लगेच १ जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करून कमवायला मोकळीक मिळाली. २०२३ ला टेनेसी युनिव्हर्सिटीची केस आली, दोनशेच्या वर नियमभंग, कोच जेरेमी प्रुइटच्या काळातले, पण तोपर्यंत एनसीएएनं स्वतःच्या घटनेतच लिहिलं होतं की ज्यांचा संबंध नाही त्यांना शिक्षा शक्यतो लागू नये. मग बाउल बंद न करता ८० लाख डॉलर दंड लावला आणि प्रुइटला सहा वर्षं कॉलेजच्या धंद्यातून जवळपास बाहेर ठेवलं. हे आधी का सुचलं नाही देव जाणे. आणि जून २०२५ मध्ये कोर्टानं खेळाडूंनी एनसीएएवर टाकलेल्या केसमधली सेटलमेंट मंजूर केली, त्यानुसार कॉलेजं आता थेट पोरांना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. बाहेरची ६०० डॉलर किंवा वरची डील असेल तर पोर्टलवर टाकायची, मग तपासणार की खरी जाहिरात आहे की शेठचं पाकीट. आमच्यासारखी ऑफिसं यात पण नाइट शिफ्ट लावतील बघा.

एसएमयूचं पुढे काय झालं तर २०२४ ला ते एसीसी नावाच्या मोठ्या लीगमध्ये गेले, पण अटीवर, की नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला लीगचा हिस्सा मागायचा नाही. मग पैसा कुठून आणणार? बूस्टर आहेत की. सप्टेंबर २०२३ मध्ये जेमतेम आठवडाभरात १० कोटी डॉलर जमले, उघडपणे, कॉलेजनं स्वतः प्रेस नोट काढून. आणि पहिल्याच वर्षी टीम प्लेऑफला पोचली. मी डिसेंबरात ती मॅच जागून बघितली, पेन स्टेटनं त्यांना ३८–१० असं धुतलं. सोमवारच्या कॉलला क्लायंट एकदम गप्प होता, मी पण विषय काढला नाही, आमचं इन्व्हॉइस त्याच्याकडे अप्रूव्हलला पडलं होतं.