एसयू कार्बोरेटर रिच मारतोय? नटाला हात सर्वांत शेवटी

मॉरिस मायनर १००० या जुन्या ब्रिटिश गाडीचं १०९८ सीसी इंजिन आणि त्यावर बसलेला, एसयू बनावटीचा एकच एचएस२ कार्बोरेटर. १९६२ पासून पुढच्या मायनरवर हीच जोडी आहे, म्हणून खालची मापं तिचीच धरली आहेत. ज्यांच्या जुन्या ॲम्बॅसडरवर अजून एसयू शाबूत आहे, त्यांनाही तपासणीचा हाच क्रम चालेल. फक्त नीडलचा (कार्बोरेटरमधल्या सुईचा) नंबर आणि इंजिनाची मापं आपल्या गाडीची घ्यायची.

गाडी रिच चालते आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त घेते आहे, हे आधी नक्की करा. सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काळी काजळी, गरम इंजिनालाही पेट्रोलचा वास आणि आयडलिंगला एका ठरावीक लयीत अडखळणं ही रिचची खूण. लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारी गाडीही अडखळते, पण तिला लय नसते आणि धुराला रंग नसतो. प्लग बघायचा तर पाच-सहा किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवून, क्लच दाबून, त्याच क्षणी इग्निशन बंद करा. गाडी बाजूला थांबली की प्लग काढा. घरी आणून दोन मिनिटं आयडलिंगला ठेवली की प्लगवर आयडलिंगचीच काजळी दिसते आणि निदान फसतं. काजळी बोटाला भुकटीसारखी लागली तर पेट्रोल, तेलकट आणि ओली असेल तर ऑइल. ऑइल असेल तर कार्बोरेटरला दोष देऊ नका.

जेटखालच्या नटाने मिक्स्चर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, कमी-जास्त होतं. त्या नटाआधी इग्निशनही उरकून घ्या. प्लगचा गॅप ०.६४ मिमी, पॉइंटचा ०.३६ ते ०.४१ मिमी, थंड इंजिनावर टॅपेट ०.३० मिमी. टायमिंगही तपासा. कमजोर ठिणगीनेही प्लग काळे पडतात, आणि ते बघून मिक्स्चर कमी केलं की दोन चुका एकमेकींवर चढतात.

एसयूमध्ये आयडलिंगचा वेगळा जेट नसतो, मेन जेटही वेगळा नसतो. एक जेट आणि त्यात वर-खाली होणारी एक निमुळती नीडल, बस्स. एचएस२चा जेट ०.०९० इंचाचा, म्हणजे सुमारे २.२९ मिमी. या इंजिनाची ठरलेली ‘एएन’ नीडल मुळाशी ०.०८९ इंच, म्हणजे २.२६ मिमी. आयडलिंगचं सगळं पेट्रोल या फटीतून येतं, आणि फट दोन्ही बाजू मिळून मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी. नीडल एका अंगाला घासून जेट थोडा लांबट झाला की आयडलिंग रिच होतं आणि नट कितीही वर घेतला तरी सुधारत नाही. अशा वेळी जेट आणि नीडल दोन्ही नवे बसवा. एकच बदललं तर पैसे वाया जातात. नीडल कार्बोरेटरमधल्या पिस्टनला लटकते (इंजिनाचा पिस्टन वेगळा), तिचा खांदा त्याच्या तळाशी अगदी समतल हवा. ती आत सरकलेली असेल तर बारीक भाग जेटमध्ये येतो आणि गाडी सगळ्याच वेगांना रिच होते.

पण सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण याहून साधं आहे. चोक ओढला की एचएस२मध्ये जेटच खाली येतो. चोक आत ढकलल्यावर तो पूर्ण वर गेला नाही, तर गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर चालत राहते. इंजिन चालू असताना जेटच्या खालच्या टोकाला बोटाने वर दाबा. आयडलिंग चटकन सुधारलं तर आजार सापडला. चोकच्या केबलला सुमारे १.५ मिमी ढील हवी. लिंक वाकलेली नसावी. फ्लोट चेंबरकडून (फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा असलेल्या पेट्रोलच्या वाटीकडून) येणारी नायलॉनची नळी जुनी होऊन ताठ झाली की जेटला तिरकं ढकलते, तेही बघा. जेट खाली ओढून त्याचा चकचकीत भाग पेट्रोलच्या फडक्याने पुसला की बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. पॉलिश पेपर मात्र लावू नका.

पुढे फ्लोट. झाकण उलटं धरा, फ्लोटच्या वजनाने नीडल व्हॉल्व्ह (वाटीत पेट्रोल सोडणारी झडप, जेटमधली नीडल नव्हे) बंद होऊ द्या आणि फ्लोटची पट्टी व झाकणाची कड यांमधलं अंतर बघा. ते ३.२ ते ४.८ मिमी हवं. ४ मिमीचा ड्रिल बिट आडवा सरकवला की मोजणी होते. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब गळत असतील तर व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय, किंवा पंपाचा दाब जास्त आहे. फ्लोट कानाशी हलवला की आतलं पेट्रोल ऐकू येतं. मूळ एसयू पंपाच्या जागी जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला असेल, तर तो व्हॉल्व्ह फ्लोटविरुद्ध उघडा पाडतो. तिथे रेग्युलेटर हवाच.

एअर फिल्टर तुंबला तरी रिच होतं. काढून चालवून बघणं दोन मिनिटांचं काम आहे. डॅम्परमध्ये (पिस्टनची उठण्याची गती आवरणाऱ्या भागात) एसएई २० ऑइल हवं, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर सुमारे १३ मिमी. घट्ट गिअर ऑइल भरलं तर पिस्टन उशिरा उठतो आणि ॲक्सिलरेटर दाबताना काळा धूर येतो. डॅम्पर काढून पिस्टन वर उचलून सोडा: ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर जेट सेंटर नाही किंवा पिस्टन चिकटतोय.

हे सगळं झालं की मगच नट. सहा बाजू म्हणजे एक फेरा, आणि आपण एकेका बाजूने चालायचं. पूर्वीच्या सेटिंगवर भरवसा नसेल तर पिस्टन-टोपी काढा, जेट पुलाशी (ज्यातून जेटचं तोंड वर येतं त्या सपाट भागाशी) समतल येईपर्यंत नट वर घ्या आणि तिथून दोन फेरे, म्हणजे बारा बाजू, खाली आणा. नट वर गेला की लीन, खाली आला की रिच. हात कुठे फिरतोय यापेक्षा जेट कुठे सरकतोय ते बघा, खालून बघताना दिशा हमखास चुकते. प्रत्येक वेळी जेट बोटाने वर दाबून नटाला टेकवा.

इंजिन पूर्ण गरम हवं. लिफ्टिंग पिन (कार्बोरेटरचा पिस्टन उचलायची छोटी पिन) आधी मोकळी सरकते, मग पिस्टनला टेकते. तिथून पिस्टन फक्त ०.८ मिमी उचला. वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच, एक बाजू वर घ्या. इंजिन लगेच पडू लागलं तर लीन. वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा खाली आला तर सेटिंग बरोबर. पिस्टन जास्त उचलला तर बरोबर सेटिंगही लीन वाटतं, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. तीन मिनिटांत जमलं नाही तर अर्धा मिनिट २५०० आरपीएमवर चालवून प्लग साफ करा, मग पुढे. शेवटी आयडलिंगचा स्क्रू लावून पिन पुन्हा तपासा.

आता मिळणाऱ्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं इथे विशेष महत्त्व आहे. वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोलला हवेचे १४.७ भाग लागतात, ई२०ला साधारण १३.५, म्हणजे त्याच सेटिंगला गाडी आधीपेक्षा लीन व्हायला हवी. तरीही ती रिच चालत असेल तर बिघाड नटात नाही, वर सांगितलेल्या जागांपैकी एकीत आहे. ई२०वर प्लगचा रंगही फिका दिसतो. जुना बिस्किटी रंग आणायला नट खाली घेत बसू नका. आणि उंचीचा हिशोब ठेवा. मुंबईत लावलेली गाडी महाबळेश्वरला हवा विरळ असल्यामुळे पाच-सहा टक्के रिच होतेच. तिथे एखादी बाजू वर घेतलीत, तर घाट उतरल्यावर ती आठवणीने परत खाली आणा.