आरपीजीत ओव्हरलोड: तारखेनं घेतलं रकमेचं सोंग

आरपीजी म्हणजे आयबीएमच्या यंत्रांवरची, धंद्याच्या कामाची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा. मागच्या नोंदीपर्यंत तिच्यात सर्व्हिस प्रोग्रॅम (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या प्रोसिजरचा संच) बांधून झाला होता. त्यात शोडेट, शोअमाउंट आणि शोटेक्स्ट अशा तीन प्रोसिजर. तिघी आपापला पॅरामीटर घेऊन छापण्याजोगी स्ट्रिंग परत देतात. या शनिवार-रविवारी त्या तिघींवर ‘शो’ हे एकच नाव चढवायचं ठरवलं, म्हणजे ओव्हरलोड करायचं: नाव एक, दिलेल्या मूल्याच्या प्रकारावरून नेमकी प्रोसिजर कंपाइलर निवडतो.

लिहायला फारसं काही नाही. ‘शो’चा प्रोटोटाइप (कॉल कसा करायचा याची घोषणा), त्यावर ओव्हरलोड कीवर्ड, कंसात तिघींची नावं. कॉल कोणाकडे जाणार हे कंपाइल होतानाच ठरतं. एक्स्पोर्ट जुन्याच नावांनी होतात, त्यामुळे बाइंडर सोर्सला (एक्स्पोर्टची यादी असलेल्या फाइलला) हात लावावा लागला नाही. हे मला फार आवडलं.

१९५९ पासून चालत आलेल्या भाषेत हे थेर कशाला, असं म्हणणारे भेटतात. पण %CHAR (दिलेल्या मूल्याची स्ट्रिंग करणारं) हे बिल्ट-इन फंक्शन आपण सगळेच वापरतो. त्याला आकडा द्या, तारीख द्या, टाइमस्टॅम्प द्या, सगळं चालतं. अधिकचं चिन्ह बेरीजही करतं आणि स्ट्रिंगही जोडतं. म्हणजे ओव्हरलोडिंग घरात होतंच, फक्त आपल्या प्रोसिजरना त्याची परवानगी नव्हती. पीएल-वन (PL/I) या आयबीएमच्याच दुसऱ्या जुन्या भाषेत तर जेनेरिक नावाखाली जवळपास हीच यादी करता येते. फरक एवढाच की तिथे यादीतला पहिला जुळणारा उमेदवार घेतला जातो. आरपीजीत नेमका एकच जुळावा लागतो. दोन जुळले की कंपाइलर हात वर करतो.

तिथेच मी अडकलो. पूर्णांकासाठी शोकाउंट ही चौथी प्रोसिजर यादीत टाकली आणि आकड्यांचे सगळे कॉल पडले. पॅरामीटर कॉन्स्ट असला (म्हणजे प्रोसिजर तो बदलणार नसली) की पॅक्ड, झोन्ड, इंटिजर असा आकडा साठवण्याचा कुठलाही प्रकार चालतो, त्यामुळे एकच आकडा दोघींनाही पटतो. कॉन्स्ट काढला तर प्रकार आणि लांबी तंतोतंत जुळावी लागते, पण मग लिटरल (थेट लिहिलेलं मूल्य) किंवा एक्स्प्रेशन देता येत नाही. शोकाउंट यादीतून काढली. (/OVERLOAD DETAIL हा डिरेक्टिव्ह, म्हणजे कंपाइलरला दिलेली सूचना, लावून लिस्टिंग बघा. कोणता उमेदवार का बाद झाला ते कळतं. मी तो उशिरा लावला.)

खरी गंमत पुढे. कंपाइल स्वच्छ झालं, रिपोर्ट काढला आणि व्यवहाराच्या तारखेच्या रकान्यात आलं: २०,२४०,३०५.००

ही ५ मार्च २०२४. जुन्या फाइलीत तारीख म्हणजे आठ आकडी पॅक्ड फील्ड, शून्य दशांश. कंपाइलरच्या दृष्टीनं तो आकडाच, म्हणून त्यानं इमानदारीत शोअमाउंटला बोलावलं. आधीच्या कोडमध्ये मी नावानं शोडेट लिहिलं असतं, तर प्रकार जुळत नाही म्हणून तिथेच अडवलं असतं. ओव्हरलोडनं ती अडवणूक काढून टाकली, आणि तेही न विचारता.

म्हणून माझं मत: भाषा जुनी आहे की नवी हा वादच नाही. फील्डचा प्रकार खरं बोलत असेल तर ओव्हरलोड हवा. धंद्याच्या जुन्या फाइलींत तो बऱ्याचदा खोटं बोलतो. तारीख आकड्यात, होय-नाही एका अक्षरात, ग्राहक क्रमांक कुठे आकडा तर कुठे अक्षरं. तिथे लांब नाव हीच राखण.

दुरुस्ती म्हणून %DATE या बिल्ट-इननं आयएसओ (वर्ष-महिना-दिवस) स्वरूपात रूपांतर करून मग ‘शो’ला दिलं. तीन रेकॉर्ड नीट गेले, चौथ्यावर आरएनएक्स०११२, म्हणजे तारीख वैध नसल्याची एरर. तारीख नाही म्हणून कोणीतरी शून्य भरलेलं. आता शून्य आलं तर रिकामी स्ट्रिंग परत जाते. हा सगळा खटाटोप शोडेटन्यूम या वेगळ्या प्रोसिजरमध्ये ठेवलाय, आणि तिला ‘शो’च्या यादीत घेतलेलं नाही.