कामात होता बिचारा

महिन्याची एक तारीख, रात्रीचे सव्वाअकरा. सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच ओळ तिसऱ्यांदा उमटली: ‘वर्कर टाइमआउट’, पुढे पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर.

आमचं वेब ॲप गनिकॉर्नवर चालतं, म्हणजे पायथॉन ॲप चालवणाऱ्या सर्व्हरवर. त्यात एक मास्टर प्रोसेस (चालू प्रोग्राम) असते आणि तिच्या हाताखाली रिक्वेस्ट हाताळणारे वर्कर, आमच्याकडे चार. मास्टर स्वतः एकही रिक्वेस्ट हातात घेत नाही, पोरं जिवंत आहेत ना एवढंच बघते. प्रत्येक वर्करची एक छोटीशी तात्पुरती फाइल असते. तिला त्याने अधूनमधून हात लावायचा, म्हणजे तिच्यावरची वेळ बदलते. ३० सेकंद हात लागला नाही की मास्टर आधी सिगअबॉर्ट हा थांबायचा इशारा पाठवते, तरी हलला नाही तर सिगकिल, आपलं ‘किल नाइन’. सिगटर्म या साध्या ‘थांब’ इशाऱ्यात निदान आवराआवर करायची सवलत असते. नऊ नंबर प्रोसेसला ऐकूही येत नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, परस्पर उचलतो. लगेच जागेवर नवा वर्कर हजर.

गोम अशी की साधा सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणारा) रिक्वेस्टमध्ये गुंतला की फाइलकडे फिरकतच नाही. मेलेला आणि राबणारा, दोघे बाहेरून सारखेच. विणताना टाके मोजत असली की आई हाकेला ओ द्यायची नाही, नुसती सुई वर करायची. थांब, ऐकू येतंय. आमच्या वर्करला सुई वर करायची सोय नव्हती.

तो बारा हजार ओळींचं पीडीएफ रचत होता. मारला की ग्राहकाच्या अकाउंटंटला ५०२, म्हणजे सर्व्हरची एरर, दिसायचं, ते पुन्हा बटण दाबायचे, नवा वर्कर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. त्यांचं तरी काय चुकलं? मीही लिफ्टचं बटण तीनदा दाबतो.

सहकारी फोनवर म्हणाला, “टाइमआउट १२० सेकंद कर ना, झोपू दे.” हा उपाय मला मनापासून आवडत नाही. उद्या एखादा वर्कर बाहेरच्या एसएमएस सेवेची वाट बघत खरोखरच अडकला, तर तोही दोन मिनिटं जागा अडवून बसणार. असले रिपोर्ट मुळात वेब वर्करच्या बाहेर, मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेत टाकायला हवेत, हे आम्ही दर महिन्याच्या दोन तारखेला ठरवतो.

केलं १२०. गनिकॉर्न रीस्टार्ट केलं, अकाउंटंटना बटण दाबायला सांगितलं आणि घड्याळ बघत बसलो. ४१व्या सेकंदाला पीडीएफ उतरलं. आधीच्या तिघांना अकराच सेकंद कमी पडले होते.